मुक्काम पोस्ट लॅमिंग्टन रोड

लॅमिंग्टन रोडशी माझी ओळख फार जुनी; पण ती सारी कागदावरची. विद्यार्थीदशेत जुने कवितासंग्रह हाती पडत, आणि कविता वाचण्याआधी मुखपृष्ठामागच्या पानावरचा बारीक मजकूर वाचण्याची मला खोड होती. प्रकाशक कोण, मुद्रक कोण, किंमत किती रुपये किती आणे, हे सगळे वाचून झाल्याखेरीज पहिल्या कवितेकडे वळायचे नाही. त्या मजकुरात दोन पत्ते पुन्हा पुन्हा भेटत. एक खटाववाडी, गिरगाव, मुंबई ४; आणि दुसरा पॉप्युलर बुक डेपो, लॅमिंग्टन रोड, मुंबई ७. तेव्हा माझ्या मनात लॅमिंग्टन रोड म्हणजे एक शांत, सावलीचा रस्ता होता. त्याच्या दुतर्फा पुस्तकांची दुकाने असावीत आणि संध्याकाळी काखेत हस्तलिखित मारून दोन-चार कवी तिथे फेऱ्या घालत असावेत, अशी माझी समजूत होती.

प्रत्यक्षात त्या रस्त्यावर कामासाठी म्हणून मी गेलो तो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, २०२४ च्या जूनमध्ये. आणि गेलो तो कवितेसाठी नव्हे, कॉम्प्युटर घ्यायला. तोही खेळायचा!

झाले होते असे. माझी धाकटी बहीण चिपळूणला असते. मेव्हण्यांचे बाजारपेठेत वह्या-पेनांचे आणि झेरॉक्सचे लहानसे दुकान आहे, आणि दुकानाच्या मागेच घर. त्यांचा एकुलता एक चिरंजीव त्या वर्षी दहावीला होता. आदल्या दिवाळीत पोट भरून फराळ झाल्यावर माणूस उदार होतो तसा मी झालो, आणि चारचौघांत म्हणून बसलो, ‘‘दहावी पास हो. मग तुला हवं ते घेऊन देईन.’’ माझ्या डोळ्यांसमोर एखादे घड्याळ किंवा शब्दकोश होता. भाचेबुवांनी मान डोलावली आणि वचन मनात जपून ठेवले.

२७ मे रोजी निकाल लागला. एकाहत्तर टक्के. नव्वदांच्या या काळात एकाहत्तर म्हणजे अभिनंदन करावे की समाचाराला जावे, हे नातेवाइकांना ठरवता येत नाही. मी फोन केला. पलीकडून आवाज आला, ‘‘मामा, तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात ना...’’ आणि त्याने मागणी सांगितली. ज्यावर गेम खेळता येतील असा कॉम्प्युटर. पण तयार नको, सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. ‘‘पंचेचाळीस हजारांत बसवतो,’’ तो म्हणाला. जणू पंचेचाळीस हजार ही बसवायचीच गोष्ट होती!

या पंचेचाळीस हजारांची एक गंमत आहे. नेमके तेवढेच पैसे माझ्यापाशी बाजूला होते. चार वर्षांचे उत्तरपत्रिका तपासल्याचे मानधन आणि आकाशवाणीवरच्या दोन-तीन भाषणांचे पैसे साठवून मी एक सागवानी, काचेच्या दारांचे पुस्तकांचे कपाट करायला टाकणार होतो. डोंबिवलीच्या आमच्या घरात पुस्तके पलंगाखाली, खिडकीत आणि पत्नीच्या मते तिच्या डोक्यावर असतात. सुताराने मापेही घेतली होती.

तासाभरात बहिणीचा फोन. ‘‘दादा, तू भलत्या नादी लावू नकोस त्याला. आधीच अभ्यासात लक्ष नाही.’’ मी म्हटले, ‘‘अगं, कॉम्प्युटर आहे, अभ्यासालाही होईल.’’ हे वाक्य मी इतक्या सफाईने बोललो, की माझे मलाच आश्चर्य वाटले. पण शब्द गेला होता, आणि शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाने शब्द फिरवावा तरी कसा? सुताराला मी ‘तूर्त थांबा’ म्हणून कळवले.

रविवारी तो बाजार बंद असतो, म्हणून आम्ही शनिवार धरला. जूनची आठ तारीख. पाऊस अगदी उंबरठ्याशी येऊन थांबला होता आणि हवेत नुसती घुसमट. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून धीम्या लोकलने ग्रँट रोड. भाचा आदल्या रात्रीच चिपळूणहून आला होता. साडेपाच फूट उंची, ओठांवर कोवळी मिसरूड आणि तोंडात शब्द मोजून. गाडीत मी ग्रँट कोण, लॅमिंग्टन कोण हे सांगून वेळ घालवला. रॉबर्ट ग्रँट हे १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते आणि लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात. तो ‘हं, हं’ करीत राहिला. अशा ‘हं’चा अर्थ मास्तरांना चांगला ठाऊक असतो.

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडले की पाच-सात मिनिटांत लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. परंतु टॅक्सीवाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टनच. तो लॉर्ड आता कुणाला ठाऊक नाही आणि डॉक्टरही फारसे कुणाला आठवत नाहीत, पण रस्ता दोघांची नावे सांभाळून आहे. एका टोकाला ऑपेरा हाऊस. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, मग ते कितीतरी वर्षे बंद पडून होते आणि डागडुजी होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. तिथून मुंबई सेंट्रलच्या दिशेला चालू लागले की हा रस्ता एके काळी सिनेमाचा होता याच्या खुणा भेटतात. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांची कार्यालये होती. मिनर्व्हात १९७५ च्या १५ ऑगस्टला ‘शोले’ लागला आणि पाच वर्षे हलला नाही. ते मिनर्व्हाही आता उरलेले नाही. माझ्या कवींचा तर मागमूसच नव्हता.

जे होते ते असे : फुटपाथच्या कडेला वायरींची भेंडोळी, भाजीवालीने मिरच्यांचे वाटे मांडावेत तसे पिना-प्लगांचे वाटे, उघडे कर्णे, चोरांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या राशी, आणि डोक्यावर खोक्यांची चळत घेऊन ‘‘बाजू, बाजू’’ करीत धावणारे हमाल. दुकाने कितीशी? काही तर आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाएवढी. आत एक माणूस बसलेला, त्याच्या मागे छतापर्यंत डबे, आणि पुढे आठ गिऱ्हाइके एकाच वेळी आठ भाव विचारताहेत. तो न बघता हात मागे घालतो आणि नेमका डबा काढतो. ग्रंथपालांनी शिकण्यासारखी गोष्ट! इमारतींच्या जिन्यांतून वर गेले की पुन्हा दुकाने. भाषा म्हणाल तर मुंबईची स्वतःची हिंदी. तिच्यात गुजराती हिशेब आणि मराठी शिव्या बेमालूम मिसळलेल्या.

आता माझ्या भाच्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. शाळेच्या वहीचे पान होते ते. त्यावर आठ ओळी आणि तीन रकाने. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात ‘इतक्याला मिळावी’, तिसऱ्यात ‘याच्या वर जायचं नाही’. अक्षर वाईट, पण खाडाखोड एकही नाही. त्याच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेत असे पान मी कधी पाहिले असते तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

‘‘हे सगळं काय आहे ते मला समजावून सांग,’’ मी म्हटले. ‘‘पैसे मी देतोय.’’

उसाच्या रसाच्या दुकानाशी उभे राहून त्याने मला जे सांगितले ते मी आपल्या शब्दांत देतो. कॉम्प्युटर म्हणजे एक स्वयंपाकघर समजा. प्रोसेसर ही स्वयंपाकीण. रॅम म्हणजे ओटा : त्यावर मावेल तेवढेच पदार्थ एका वेळी हाताशी राहतात, आणि रात्री तो पुसून रिकामा होतो. एसएसडी म्हणजे कोठीची खोली. तिथले सामान वीज गेली तरी राहते. या सर्वांना जोडणारा मदरबोर्ड म्हणजे घराचा चौक. आणि ग्राफिक कार्ड? ती पंगतीसाठी खास बोलावलेली आचाऱ्यांची फौज. एकटी स्वयंपाकीण शहाणी असते, पण हजार पोळ्या एकदम लाटायच्या तर हजार साधे हात लागतात. पडद्यावर लाखो ठिपके सेकंदाला साठ वेळा रंगवायचे असतात. ते काम या फौजेचे. म्हणून खेळायच्या कॉम्प्युटरात निम्मे पैसे एकट्या त्या कार्डावर जातात.

‘‘आणि हे एसएमपीएस?’’

‘‘पॉवर सप्लाय. भिंतीतल्या विजेतून प्रत्येकाला हवी तेवढी वीज देतो. लोक यातच पैसे वाचवतात. आणि तो उडाला तर बाकीच्यांना घेऊन उडतो.’’

पहिल्याच दुकानात याचा प्रत्यय आला. तिथल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. पांढरे केस, खांद्याला झोळी. त्यांनी मला अचूक ओळखले. ‘‘सर, पूरा तैयार सेट है. पैंतालीस हजार. लाइट देखिए.’’ काचेची पेटी नवरात्रातल्या देवीच्या मखरासारखी उजळली : लाल, निळी, जांभळी. मला तर बेहद्द आवडली. भाच्याने फक्त एवढेच विचारले, ‘‘एसएमपीएस कौन सा है?’’ गृहस्थ म्हणाले, ‘‘अच्छावाला है.’’ त्याने पुन्हा विचारले. पुन्हा ‘अच्छावाला’. भाचा ‘थँक्यू’ म्हणून पायऱ्या उतरलासुद्धा. मी मागे वळून वळून दिव्यांकडे पाहत होतो.

मग चार तास आम्ही हिंडलो. मराठीत ‘पायपीट’ हा शब्द आहे, तो या रस्त्यासाठीच घडवला असावा. प्रत्येक दुकानी तो एकेका वस्तूचा भाव विचारी, रकान्याशी ताडून पाही आणि पुढे जाई. मदरबोर्ड घेताना त्याने डब्यावरची चिकटपट्टी निरखून पाहिली. चौक जुना आणि स्वयंपाकीण नवी असेल तर चौकाला तिची ओळख पटवून द्यावी लागते, नाहीतर यंत्र चालूच होत नाही; ती ओळख कारखान्यातच करून दिल्याची खूण त्या पट्टीवर असते. एका ठिकाणी ‘बिलाशिवाय घ्या, कर वाचेल’ अशी सूचना आली. मी मोहात पडलो होतो. तो म्हणाला, ‘‘मामा, बिल नसेल तर वॉरंटी कुणाकडे मागणार? मी चिपळूणला राहतो.’’

हिशेब मात्र जमेना. त्याला हवे ते रायझन ५ ५६०० नावाचे प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० हे कार्ड घेतले तर बेरीज पन्नास हजारांच्या आसपास जात होती. तेव्हा कुणीतरी सुचवले : दुसऱ्या मजल्यावर वापरलेली कार्डे मिळतात, निम्म्या किमतीत.

या वापरलेल्या कार्डांचाही एक इतिहास आहे. इथेरियम नावाचे संगणकी नाणे २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत अशा कार्डांवर ‘खणून’ काढले जाई. लोक खोलीभर कार्डे लावून रात्रंदिवस चालवीत. मग त्या नाण्याची रीतच बदलली, खाणी एका दिवसात बंद पडल्या आणि राबून थकलेली कार्डे जगभरच्या बाजारांत आली. गिरण्या बंद झाल्यावर माग भंगारात निघाले तसेच म्हणायचे.

वरच्या मजल्यावर दुकानदाराने एक कार्ड काढून दिले. बाहेरून चकचकीत. भाव साडेनऊ हजार. माझ्या मनात सुतार डोकावून गेला. पाच-सात हजार वाचले तर निदान साध्या लाकडाची एक मांडणी होईल! भाच्याने मोबाइलचा दिवा लावला, पंखा बोटाने हळूच फिरवला, मग पंख्याआडच्या पत्र्याच्या पात्यांमध्ये बराच वेळ पाहत राहिला. एका स्क्रूपाशी त्याने नख घासले. मग कार्ड दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, ‘‘मामा, चल.’’

एरवी मला ‘तुम्ही’ म्हणणारा मुलगा एकदम ‘चल’ म्हणाला, तेव्हाच काहीतरी झाले हे मी ओळखले. जिन्यात त्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘पाणी लागलंय त्याला. वरून पुसलंय, पण आत पापडी आहे. साधी धूळ फुंकली की उडते. गाळ सुकला की पापडी धरतो, आणि स्क्रूच्या डोक्याशी हिरवट पांढरं येतं.’’

‘‘तुला काय ठाऊक?’’

‘‘आपला कॉम्प्युटर नव्हता का बुडला?’’

आणि तिथे, लॅमिंग्टन रोडच्या त्या अंधाऱ्या जिन्यात, मला तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली.

२०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणात शिरले. बहिणीच्या घरात पुरुषाच्या छातीएवढे पाणी होते. मेव्हण्यांनी पहाटेच्या अंधारात तांदूळ, कागदपत्रे, शिवणयंत्र आणि कॉम्प्युटरचा पडदा एवढे माळ्यावर चढवले. टेबलाखालची पेटी राहिली. झेरॉक्सचे यंत्रही गेले, दुकानातल्या वह्यांचा लगदा झाला. ऑगस्टमध्ये मी गेलो होतो. पण खरे सांगायचे तर मी गेलो होतो तो लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासाठी. १८६४ साली स्थापन झालेली ती संस्था. २०१३ च्या जानेवारीत चिपळूणला साहित्य संमेलन भरले तेव्हा मी तिथे पाहुणा म्हणून हिंडलो होतो. २००५ च्या पुरात तिची पुस्तके भिजली होती आणि २०२१ च्या पुरातही भिजली. ती भिजलेली पुस्तके पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले. परत आल्यावर मी त्यावर एक लेख लिहिला. लोकांना तो आवडला. मलाही आवडला होता.

त्या भेटीत मी बहिणीकडे जेवलो. मागच्या पडवीत तेरा वर्षांचा हा मुलगा जुना टूथब्रश घेऊन कसलेसे पत्रे घासत बसला होता. चिखलाचा वास येत होता. मी त्याला म्हणालो होतो — आता ते वाक्य लिहितानाही संकोच वाटतो — ‘‘अरे, हे काय भंगार घेऊन बसलास? शाळा बंद आहे म्हणून अभ्यासही बंद का?’’

त्याने तेव्हा काय केले होते ते तो मला आता, रस्त्यावरच्या गर्दीतून चालताना, तुकड्यातुकड्यांनी सांगत होता. पेटी उघडली. कुठली वायर कुठे जाते याचे चित्र काढून ठेवले. प्रत्येक भाग आधी स्वच्छ पाण्याने, मग स्पिरिटने धुतला. बाहेर ऊन नव्हते म्हणून पंख्याखाली आठ दिवस वाळवला. पॉवर सप्लाय मात्र उघडला नाही, कारण त्यात प्लग काढल्यावरही वीज साठून राहते असे त्याने वाचले होते. सगळे पुन्हा जोडले. कॉम्प्युटर चालू झाला नाही. मग पुन्हा सोडवले, पुन्हा जोडले. तीनदा. ‘‘चालू नाही झाला,’’ तो म्हणाला, ‘‘पण तेव्हापासून मला आतलं सगळं कळतं.’’

वाचकहो, मी बावीस वर्षे शिकवतो आहे. स्वाध्याय, चिकाटी, जिज्ञासा या शब्दांवर मी अनेक व्याख्याने दिली आहेत. माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, या तिन्ही गोष्टी पडवीत बसून चिखल घासत होत्या, आणि मी त्यांना भंगार म्हणालो. भिजलेली पुस्तके मला दिसली, कारण ती पुस्तके होती. याची पोथी निराळी होती. मला तिची लिपी येत नव्हती, एवढेच.

‘‘पण गेमच का?’’ मी विचारले. आता या विचारण्यात मास्तर नव्हता.

तो थोडा थांबला. मग म्हणाला, ‘‘आम्ही तिघं होतो. पूर आल्यावर एकाच्या बाबांनी दुकान कायमचं बंद केलं, ते पनवेलला गेले. दुसरा कोल्हापूरला मामाकडे. ते दोघं रात्री खेळतात. गाड्यांनी फुटबॉल खेळायचा एक गेम आहे, तीन-तीन जणांचा. तिसरा म्हणून ते कुणालातरी अनोळखी माणसाला घेतात.’’

यावर मी काही बोललो नाही. वडापावच्या गाडीपाशी उभे राहून त्याने कागदावर नवा हिशेब मांडला. ५६०० ऐवजी ५५०० प्रोसेसर : सात हजार आठशे. मदरबोर्ड पाच हजार चारशे. सोळा जीबी रॅम, आठ-आठच्या दोन पट्ट्या : तीन हजार तीनशे. पाचशे जीबीची एसएसडी तीन हजार. पॉवर सप्लाय तीन हजार सहाशे. इथे तो एक रुपया खाली यायला तयार नव्हता. बिनदिव्याची काळी पेटी दोन हजार तीनशे. नवे, सीलबंद कार्ड एकोणीस हजार चारशे. बेरीज चव्वेचाळीस हजार आठशे. कीबोर्ड आणि माऊस त्याने खोडून टाकले. ‘‘दुकानातला जुना चालेल.’’ मी म्हटले, ‘‘अरे, नऊशे रुपयांचा तर प्रश्न!’’ तो म्हणाला, ‘‘पंचेचाळीस ठरले होते.’’ उरलेल्या दोनशे रुपयांत आम्ही वडापाव आणि चहा घेतला.

त्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. पत्नीने टेबलावर जुनी सुती चादर घातली. त्याने आम्हा दोघांना आधी नळाला हात लावायला सांगितला, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून. ‘‘सोवळ्यात यायचं म्हण की!’’ पत्नी म्हणाली. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो, तो मदरबोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. मग तरफ दाबायची. जोर लावायचा नाही. रॅमच्या पट्ट्या शेजारीशेजारी नव्हे, तर एक खाच सोडून बसवायच्या, म्हणजे दोन्ही हातांनी वाढल्यासारखे काम होते. स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे. त्यांतला एक मी पाडला आणि पाऊण तास आम्ही तिघे टेबलाखाली होतो.

साडेअकराला बटण दाबले. पंखे फिरले. टीव्हीच्या पडद्यावर काही नाही. काळा.

त्या मुलाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तो घाबरला नव्हता. त्याला ते काळेपण ओळखीचे होते, एवढेच. तीन वर्षांपूर्वी तीनदा तो त्यासमोर बसला होता. मी मनात चव्वेचाळीस हजार आठशे पुटपुटत होतो. त्याने प्लग काढला, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, कार्ड काढून पुन्हा बसवले. पुन्हा बटण. पुन्हा काळोख. मग तो पेटीच्या मागे गेला आणि हसू लागला.

‘‘मामा, टीव्हीची वायर कोणी लावली?’’

मी लावली होती. तेवढेच एक काम मला दिले होते. मागे सारख्याच आकाराची दोन भोके होती. एक मदरबोर्डाचे, एक ग्राफिक कार्डाचे. या प्रोसेसरला स्वतःचे चित्र काढता येत नाही, म्हणून वायर कार्डातच हवी. मी ती वरच्या भोकात घातली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या एका चुकीने अर्थ बदलतो हे मी मुलांना जन्मभर सांगत आलो. त्या रात्री मला कळले. वायर बदलली आणि पडदा उजळला. पत्नीने उठून देवापुढचे हळदकुंकू आणले आणि पेटीला लावले. अक्षता मात्र त्याने आत पडू दिल्या नाहीत.

बुधवारी आम्ही दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीने निघालो. वाटेच्या धक्क्यांनी खाच तुटू नये म्हणून कार्ड काढून त्याच्या मूळ डब्यात घातले होते. तो डबा त्याच्या मांडीवर, पेटी माझ्या. गणपती आणायला निघाल्यासारखे आम्ही बसलो होतो. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू झाले होते. गाडी जपून चालत होती. रोह्यापुढे शेते पाण्याने चमकू लागली. खेडच्या अलीकडे नातूवाडीच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा मी त्याला म्हटले, ‘‘आईला सांगू, अभ्यासाला घेतलाय म्हणून.’’

तो म्हणाला, ‘‘नको. मी तिला खोटं सांगितलं नाही. तुम्हीही नका सांगू.’’

चिपळूण स्टेशनावरून रिक्षा वाशिष्ठीच्या पुलावर आली तेव्हा पाऊस कोसळत होता. नदी लाल, गढूळ, पण पात्रात. दोघांनीही खाली पाहिले. कुणी काही बोलले नाही.

बहिणीने चहा ठेवला. पेटीकडे पाहून विचारले, ‘‘दादा, अभ्यासाला उपयोग होईल ना रे?’’

मी म्हटले, ‘‘खेळायला घेतलाय. त्याचे दोन मित्र गेलेत ना गाव सोडून, त्यांच्याशी खेळायला. बाकी, अभ्यासाचं म्हणशील तर तो तीन वर्षं करतोय. आपल्याला दिसला नाही.’’ आणि जिन्यातली ती गोष्ट मी तिला सांगितली. ती काही वेळ गप्प राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, ‘‘टूथब्रश माझाच होता तो. मी ओरडले होते.’’

यंत्र कुठे ठेवायचे हा प्रश्नच नव्हता. खोलीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे. दोनदा रंग देऊनही ती वर येते. त्या रेघेच्या वीतभर वर मेव्हण्यांनी आठ दिवसांपूर्वीच लोखंडी ब्रॅकेट ठोकून जाड फळी बसवून ठेवली होती. मुलाला ती ठाऊक नव्हती आणि मेव्हण्यांनीही तिच्याबद्दल अवाक्षर काढले नाही. त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली, फळीवर ठेवली आणि हाताने हलवून पाहिली. फळी हलली नाही.

रात्री नऊ वाजता पनवेल आणि कोल्हापूर दोन्हीकडून एकदम आरडाओरडा ऐकू आला. पडद्यावर तीन मोटारी एका भल्यामोठ्या चेंडूमागे धावत होत्या. मला त्यातले काही कळले नाही. बहीण दाराशी उभी राहून बघत होती. दहा वाजता तिने ‘पुरे’ म्हटले आणि त्याने बंद केला.

माझे सागवानी कपाट अजून झालेले नाही. पुस्तके आहेत तिथेच आहेत. कार्डाचे बिल भाच्याने जपायला माझ्याकडे दिले आहे, कारण त्याच्या मते कागद सांभाळणे हा माझा धंदा आहे. ते मी एका जुन्या कवितासंग्रहात ठेवले आहे. दोन्हींवर पत्ता एकच आहे : लॅमिंग्टन रोड, मुंबई ७.